सीताफळ : एक वृक्ष, अनेक नावे
(लोकनामांचा उगम, प्रवास आणि नामसंदिग्धतेचे परिणाम)

सारांश

सीताफळ हा महाराष्ट्राच्या कोरडवाहू डोंगराळ भागात सर्वत्र आढळणारा वृक्ष मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. भारतातील व आग्नेय आशियातील विविध भाषांत त्यास जी नावे मिळाली, त्यांतून त्याच्या प्रवासाचे मार्ग, त्याच्या रूपाविषयीचे निरीक्षण आणि स्थानिक समाजाने त्याचा केलेला स्वीकार यांचा बोध होतो. तथापि एकाच वृक्षाला अनेक नावे आणि अनेक वृक्षांना एकच नाव या दुहेरी संदिग्धतेमुळे इतिहासलेखन, वनौषधींचा वापर आणि व्यापार या तिन्ही क्षेत्रांत चुका संभवतात. प्रस्तुत लेखात या नावांचा भाषिक व वनस्पतिशास्त्रीय अंगाने परामर्श घेतला असून लोकनाम व शास्त्रीय नाव यांच्या जोडवापराची आवश्यकता प्रतिपादिली आहे.

बीजसंज्ञा : सीताफळ, लोकनामे, द्विनाम पद्धती, व्युत्पत्ती, नामसंदिग्धता.

१. प्रस्तावना

वनस्पतींची नावे हा वनस्पतिशास्त्र आणि भाषाशास्त्र या दोन्ही विषयांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. एखादी वनस्पती एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात जाते, तेव्हा तिच्याबरोबर कधी तिचे मूळ नाव जाते, तर कधी नव्या भूमीत तिचे नव्याने बारसे होते. सोळाव्या शतकापासून अमेरिका खंडातील अनेक पिके भारतात आली. त्यांपैकी अननस, काजू व पपई यांनी आपल्या मूळ नावांचा ध्वनी थोड्याफार फरकाने मराठीतही टिकवला. त्या शब्दांकडे पाहताच त्यांचे परकेपण जाणवते. सीताफळाची गोष्ट वेगळी आहे. हे फळही त्याच खंडातून आलेले. परंतु मराठीत त्याला थेट रामायणातील नायिकेचे नाव मिळाले आणि त्यामुळे ते येथीलच असावे, असा समज सहजच रूढ झाला.

नावाने निर्माण केलेला हा समज केवळ कुतूहलाचा विषय नाही. त्यावरून एकोणिसाव्या शतकातील नामवंत पुरातत्त्वज्ञ व वनस्पतिशास्त्रज्ञ यांच्यात मतभेद झाले. आजही नावांच्या साधर्म्यामुळे एका झाडाचे गुण दुसऱ्या झाडाला चिकटवले जातात आणि त्याची किंमत प्रसंगी रुग्णाला मोजावी लागते. या दृष्टीने सीताफळाच्या नावांचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

२. वृक्षाचा संक्षिप्त परिचय

सीताफळाचे झाड लहान, साधारणतः तीन ते सहा मीटर उंचीचे व बुंध्यापासूनच फांद्या फुटणारे असते. उन्हाळ्यात त्याची पाने गळतात. पानांना उग्र वास असल्याने गुरे व शेळ्या ती सहसा खात नाहीत. पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती आणि जनावरांपासून मिळालेले हे नैसर्गिक संरक्षण यांमुळे बालाघाटच्या डोंगररांगा, मराठवाड्यातील माळराने, पुरंदर परिसरातील उतार व जुन्या किल्ल्यांचे पडीक भाग येथे ते कोणी न लावताही वाढलेले दिसते. ते मूळचे येथीलच वाटावे, यास त्याची ही रानटी वाढही कारणीभूत आहे.

त्याचे फळ एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसरांपासून तयार होते. प्रत्येक स्त्रीकेसराची एक पाकळी बनते व अशा अनेक पाकळ्या एकत्र येऊन एक समूहफळ होते. फळाच्या पृष्ठभागावरील प्रत्येक उंचवटा म्हणजे अशी एक पाकळी होय. फळ तयार होऊ लागले की उंचवट्यांमधील खाचा रुंदावून फिकट पडतात. यालाच शेतकरी 'डोळे उघडणे' असे म्हणतात. त्यानंतर फळ आढीत घातले असता ते अल्पावधीत पिकते. फुलातील स्त्रीकेसर आधी व पुंकेसर नंतर पक्व होत असल्याने स्वपरागण दुष्कर होते आणि परागीभवन मुख्यतः लहान भुंगेऱ्यांवर अवलंबून राहते. झाडावर फुले पुष्कळ, परंतु फळे मोजकी, या अनुभवामागील एक प्रमुख कारण हेच आहे.

३. शास्त्रीय नावातील लोकनाम

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये 'स्पीशीज प्लांटारम' या ग्रंथात या वृक्षास 'ॲनोना स्क्वामोसा' हे द्विनाम दिले. त्यातील 'स्क्वामोसा' या लॅटिन विशेषणाचा अर्थ 'खवल्यांचे' असा असून तो फळाच्या पृष्ठभागास उद्देशून आहे. 'ॲनोना' हे प्रजातीचे नाव मात्र मूळचे लॅटिन नाही. कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटावर राहणाऱ्या ताइनो लोकांच्या भाषेत या गटातील फळास 'अनोन' असे म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला. लॅटिनमध्ये 'ॲनोना' हा एक स्वतंत्र शब्द होता आणि त्याचा अर्थ वर्षाचे धान्योत्पन्न किंवा धान्याचा साठा असा होता. परक्या लोकनामाला या ओळखीच्या शब्दाचे रूप देऊन ते शास्त्रीय परिभाषेत बसवण्यात आले. जुन्या ग्रंथांत हा शब्द एका 'न'ने, तर आज दोन 'न'नी लिहिलेला आढळतो, त्याचे मूळ या द्विधेत आहे.

शास्त्रीय नावे लोकनामांहून सर्वस्वी निराळी असतात, ही समजूत या उदाहरणाने खोटी ठरते. येथे शास्त्रीय नावाच्या पोटातच एक लोकनाम दडलेले आहे, आणि ज्या समाजाने ते दिले त्याची जीवनपद्धती युरोपीय वसाहतीच्या पहिल्या काही दशकांतच उद्ध्वस्त झाली.

मराठी परिभाषेत याची एक मनोरंजक प्रतिक्रिया दिसते. 'ॲनोनेसी' या संपूर्ण कुलास मराठीत 'सीताफळ कुल' असे म्हणतात. हिरवा चाफा किंवा रस्त्याच्या कडेला लावला जाणारा खोटा अशोक या भारतीय वनस्पती याच कुलातील आहेत. म्हणजे पाहुणा म्हणून आलेल्या वृक्षाच्या नावाने आता येथील मूळ रहिवासी ओळखले जातात.

४. प्रवासाच्या खुणा : 'आता' आणि 'नोना'

भारतीय भाषांतील या फळाची नावे एकत्र मांडली असता त्यांचे दोन ठळक गट पडतात. पहिल्या गटात परकीय ध्वनी टिकवून ठेवणारी नावे येतात. बंगालीत सीताफळास 'आता' म्हणतात व रामफळास 'नोना'. मल्याळममध्ये 'आत्तच्चक्क' हा शब्द आहे. त्यातील उत्तरपद 'चक्क' म्हणजे फणस. नव्या फळाला ओळखीच्या फळाच्या पंगतीत बसवून त्यापुढे परके विशेषण लावण्याची ही रीत आहे.

यातील 'आता' हा शब्द मेक्सिकोतील नाहुआतल भाषेतील 'आहाते' या नावाशी जोडला जातो. फिलिपीन्समध्ये याच फळास 'आतिस' म्हणतात. मेक्सिकोतील अकापुल्को व फिलिपीन्समधील मनिला या बंदरांदरम्यान स्पॅनिश गलबतांची वाहतूक १५६५ पासून १८१५ पर्यंत चालू होती. त्यामुळे 'आता' हे नाव पॅसिफिक महासागर ओलांडून पूर्वेकडून बंगालच्या उपसागरात शिरले असावे, असा तर्क करण्यात येतो. 'अनोना' वा 'नोना' हे कॅरिबियन मुळाचे नाव मात्र पोर्तुगीजांबरोबर आफ्रिकेला वळसा घालून पश्चिमेकडून आले असावे. पोर्तुगीज भाषेतही 'आता' हा शब्द प्रचलित असल्याने या दोन मार्गांची काटेकोर विभागणी करता येत नाही. तथापि एकाच प्रजातीतील दोन फळांना दोन वेगळ्या अमेरिकी भाषांतील नावे चिकटून राहावीत, हे लक्षणीय आहे.

या नावांचा जुना लेखी पुरावाही उपलब्ध आहे. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने संकलित केलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' (१६७८–१६९३) या बारा खंडांच्या ग्रंथात 'आत्तामारम' व 'अनोनामारम' या नावांनी अनुक्रमे सीताफळ व रामफळ यांची चित्रे व वर्णने आली आहेत. 'मरम' म्हणजे झाड. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मलबार किनाऱ्यावर ही दोन्ही झाडे वेगवेगळी ओळखली जात होती आणि त्यांची परकीय मुळाची नावे स्थानिक भाषेत रुळली होती, हे यावरून सिद्ध होते.

आग्नेय आशियातील नावेही या दृष्टीने बोलकी आहेत. याच प्रजातीतील 'ॲनोना म्युरिकाटा' या काटेरी फळास मलाय भाषेत 'दुरियन बेलांडा' म्हणजे 'डचांचा दुरियन' असे म्हणतात. इंडोनेशियात त्याचे नाव 'सिरसाक' असून ते डच 'झूरझाक' (आंबट पिशवी) या शब्दावरून आले आहे. फिलिपीन्समधील 'गुयाबानो' हे स्पॅनिश 'ग्वानाबाना'चे रूप आहे. कोणत्या प्रदेशात कोणत्या सत्तेने हे झाड पोहोचवले, याची नोंद जणू त्या त्या भाषेने आपल्या शब्दसंग्रहात करून ठेवली आहे.

५. 'सीताफळ' या नावाचा विचार

दुसऱ्या गटात स्थानिक अर्थ असलेली नावे येतात. मराठी, गुजराती, कन्नड, तेलुगू व तमिळ या भाषांत 'सीता' हे पूर्वपद असलेली नावे प्रचलित आहेत. उत्तर भारतात 'सीताफल'बरोबर 'शरीफा' हे नाव रूढ आहे. ते अरबी 'शरीफ' म्हणजे थोर, कुलीन या शब्दाशी जोडले जाते. एकाच फळाला एका परंपरेने सीतेचे आणि दुसऱ्या परंपरेने कुलीनतेचे नाव द्यावे, यात दोन्ही ठिकाणी आदराचीच भावना आहे.

'सीताफळ' या शब्दाच्या तीन व्युत्पत्ती संभवतात. पहिली व सर्वपरिचित व्युत्पत्ती रामायणातील सीतेशी निगडित आहे. वनवासातील सीतेने हे फळ खाल्ले किंवा ते तिला प्रिय होते, अशा लोककथा सांगितल्या जातात. दुसरी व्युत्पत्ती 'शीतफळ' अशी असून फळाच्या थंड गुणावर ती आधारलेली आहे. तिसरी शक्यता संस्कृत 'सिता' या शब्दाची आहे. 'सिता' म्हणजे शुभ्र खडीसाखर. औषधी ग्रंथांत हा शब्द सर्रास येतो. मराठीत 'सिताफळ' असे ऱ्हस्व रूपही लिहिले जाते आणि इंग्रजीत याच फळाचे एक नाव 'शुगर ॲपल' आहे, ही बाब या तर्काला पुष्टी देणारी वाटते.

तथापि या तीन व्युत्पत्तींचा तौलनिक विचार केला असता पहिलीच अधिक ग्राह्य ठरते. कारण सीताफळाचे नाव एकटे येत नाही. त्याच्याबरोबर रामफळ येते आणि पुढे लक्ष्मणफळ व हनुमानफळही. सीताफळ पावसाळ्याच्या अखेरीपासून दिवाळीपर्यंत बाजारात असते, तर रामफळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, म्हणजे रामनवमीच्या आगेमागे पिकते. ही जोडी लोकमानसात पक्की बसण्यास हा हंगामही साहाय्यभूत झाला असावा. शिवाय वनस्पतींना रामायणातील व्यक्तींची नावे देण्याची प्रथा मराठीत अन्यत्रही आढळते. सीता-अशोक, रामतुळस, रामेठा आणि सह्याद्रीच्या पठारांवर पावसाळ्यात फुलणारी 'सीतेची आसवे' ही त्याची उदाहरणे होत. नवागत फळाला या नाममालेत स्थान देणे म्हणजे त्याला आपल्या घरात सामावून घेणे होय. साखर व शीतलता यांचे अर्थ नंतर या नावात पाहिले गेले असावेत.

६. नाव आणि मूळ देशाचा वाद

या आत्मीय नावाने विद्वानांपुढे एक पेच उभा केला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले महासंचालक अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भारहूत व मथुरा येथील प्राचीन शिल्पांत सीताफळाची आकृती कोरलेली आहे, असे मत मांडले. भारहूतविषयीचा त्यांचा ग्रंथ १८७९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे मत मान्य केल्यास कोलंबसाच्या सफरीपूर्वी सुमारे दीड हजार वर्षे हे फळ भारतात होते, असे मानावे लागते. फळाची संस्कृत मुळाची नावे व त्याची रानटी वाढ या गोष्टीही भारतीय उगमाच्या बाजूने पुढे केल्या जात.

याउलट आल्फाँस द कांदोल यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या उगमाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात अमेरिकी उगमाचा पक्ष घेतला. या प्रजातीतील बहुसंख्य जाती अमेरिकेत आढळतात, काही थोड्या आफ्रिकेत आहेत. मात्र भारतात तिचा एकही निर्विवाद मूळ रहिवासी नाही. ज्या प्रदेशात नातलगांची दाटी असते तोच उगमाचा प्रदेश असण्याचा संभव अधिक, हे वनस्पति-भूगोलाचे तत्त्व येथे निर्णायक ठरते. हेन्री यूल यांनीही 'हॉबसन-जॉबसन' (१८८६) या कोशात या प्रश्नाची विस्ताराने चर्चा केली आहे. शिल्पातील खवलेदार आकृती ही फणसाची किंवा एखाद्या कळीची संकेतबद्ध प्रतिमा असू शकते, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

संस्कृत नावांचा पुरावाही वाटतो तितका बळकट नाही. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात (१८९९) 'गण्डगात्र' व 'आतृप्य' हे शब्द या गटातील फळांसाठी दिलेले आहेत. परंतु ते तेथे साहित्यातील प्रयोगावरून न घेता कोशकारांच्या आधारे नोंदवले आहेत. 'आतृप्य' या शब्दात तर 'आता' या लोकनामाला दिलेला संस्कृत पेहराव दिसतो. संस्कृत रूप असणे म्हणजे प्राचीन असणे, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

या वादात एकविसाव्या शतकात एक नवी भर पडली. उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात टोकवा या नवाश्मयुगीन स्थळी सीताफळाचे कार्बनीभूत बी सापडल्याचे व त्याचा काळ इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकात जात असल्याचे संशोधन २००९ मध्ये 'रेडिओकार्बन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा शोधांवरून कोलंबसपूर्व सागरी संपर्काची कल्पना काही अभ्यासक मांडतात. बहुसंख्य अभ्यासक मात्र तुरळक अवशेषांवरून एवढा मोठा निष्कर्ष काढण्यास राजी नाहीत. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, या शोधाचे पुरस्कर्तेही फळाचा मूळ देश अमेरिका हाच मानतात. वाद आहे तो त्याच्या आगमनाच्या काळाविषयी. नावाने सुचवलेला भारतीय उगम मात्र कोणत्याही पक्षाला आधार म्हणून वापरता येत नाही.

७. रूपावरून पडलेली नावे

काही भाषांनी फळाकडे डोळे भरून पाहिले आणि जे दिसले त्यावरून नाव ठेवले. चिनी भाषेत त्यास 'परदेशी लिची' अशा अर्थाचे नाव आहे. तैवानमध्ये त्याला 'शाक्य' या शब्दाच्या चिनी रूपाने ओळखतात, कारण फळावरील उंचवटे बुद्धमूर्तीच्या मस्तकावरील कुरळ्या केसांसारखे दिसतात. परक्या फळाचे धार्मिक नामकरण ही केवळ भारतीय प्रवृत्ती नाही, हे यावरून ध्यानात येते. अरबी भाषेत फळाच्या गराला उद्देशून 'किश्ता' म्हणजे साय असे नाव आहे. इंग्रजीतील 'कस्टर्ड ॲपल' हे नावही गराच्या पोतावरूनच आले, तर रामफळाला त्याच्या आकारामुळे व तांबूस रंगामुळे 'बुलक्स हार्ट' म्हणजे बैलाचे हृदय असे म्हणतात.

८. एक नाव, अनेक झाडे

येथवर एका झाडाच्या अनेक नावांचा विचार झाला. व्यवहारात अधिक घोटाळा होतो तो एकच नाव अनेक झाडांना लागल्यामुळे. 'कस्टर्ड ॲपल' हे नाव भारतात सीताफळास, वेस्ट इंडीजमध्ये रामफळास, तर ऑस्ट्रेलियात 'ॲटेमोया' या संकरित फळास लावतात. ॲटेमोया हा सीताफळ व 'ॲनोना चेरिमोला' यांचा संकर आहे. १९०८ मध्ये फ्लोरिडात पी. जे. वेस्टर यांनी असे संकर केले. त्याचे नावही 'आते' व 'चेरिमोया' या दोन नावांच्या संकरातून बनले आहे. त्यामुळे परदेशी ग्रंथातील 'कस्टर्ड ॲपल'विषयीचे विधान भारतीय सीताफळाला जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरते.

हिंदीतील उदाहरण तर आणखी गमतीचे आहे. दिल्ली व पश्चिम उत्तर प्रदेशात 'सीताफल' म्हणजे लाल भोपळा. तेथील 'सीताफल की सब्जी' ही भोपळ्याची भाजी होय. महाराष्ट्रातून तिकडे गेलेल्या माणसाची पहिल्या भेटीत फसगत होते ती यामुळेच.

मराठीतील घोटाळा प्रामुख्याने लक्ष्मणफळ व हनुमानफळ या नावांभोवती आहे. सीताफळ व रामफळ ही नावे बहुतांशी स्थिर आहेत. त्यांनी अनुक्रमे 'ॲनोना स्क्वामोसा' व 'ॲनोना रेटिक्युलाटा' यांचाच बोध होतो. परंतु 'लक्ष्मणफळ' हे नाव बहुधा काटेरी 'ॲनोना म्युरिकाटा'ला लावले जात असताना 'हनुमानफळ' हे कोठे त्याच झाडाला, कोठे 'ॲनोना चेरिमोला'ला, तर कोठे संकरित फळाला लावतात. राम व सीता यांची नावे दिल्यानंतर उरलेल्या नवागतांना उरलेली नावे वाटण्यात आली आणि वाटप करणारे हात ठिकठिकाणी वेगळे असल्याने एकवाक्यता राहिली नाही.

९. नामसंदिग्धतेचे परिणाम

ही संदिग्धता निरुपद्रवी नाही. 'ॲनोना म्युरिकाटा' या फळाची व त्याच्या पानांची 'ग्रॅव्हिओला' या नावाने कर्करोगावरील उपाय म्हणून जगभर जाहिरात केली जाते आणि भारतात हा प्रचार 'लक्ष्मणफळ' या नावाने पोहोचला आहे. या कुलातील वनस्पतींमध्ये 'ॲसिटोजेनिन' गटातील द्रव्ये असतात व प्रयोगशाळेत ती कर्करोगाच्या पेशींना मारक ठरतात, हे खरे आहे. तथापि रुग्णांमध्ये त्यांची परिणामकारकता सिद्ध झालेली नाही. प्रयोगपात्रातील पेशी मरणे आणि रुग्ण बरा होणे यांत फार मोठे अंतर आहे.

उलट याच द्रव्यांविषयी सावधगिरीची सूचना देणारे संशोधन उपलब्ध आहे. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर कंपवातासारखा, परंतु नेहमीच्या औषधांना दाद न देणारा मज्जाविकार अपेक्षेपेक्षा अधिक प्रमाणात आढळला. या प्रजातीतील फळांचे व पानांच्या काढ्याचे नित्य सेवन आणि हा विकार यांच्यात संबंध दिसत असल्याचे १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात मांडण्यात आले. पुढील संशोधनात 'ॲनोनासिन' हे द्रव्य मज्जापेशींना घातक असल्याचे प्रयोगांत दिसले. माणसांतील कार्यकारणसंबंध अद्याप निर्विवाद झालेला नसला, तरी पानांचा काढा महिनोन्महिने घेणे निर्धोक आहे असे म्हणण्यास आधार नाही. लक्ष्मणफळ मिळत नाही म्हणून त्याच कुटुंबातले समजून सीताफळाची वा रामफळाची पाने उकळून घेतली जाण्याचा संभव आहे, आणि असे करणाऱ्याला या नावांतील कौटुंबिक जवळीक हाच पुरावा वाटतो. रामायणातील नाती वनस्पतींच्या रासायनिक घटकांची हमी देत नाहीत.

सीताफळाच्या बियांविषयीही असेच म्हणता येईल. बियांची पूड उवा मारण्यासाठी केसांना लावण्याचा घरगुती उपाय सर्वपरिचित आहे. ही पूड डोळ्यांत गेल्यास पारपटलाला गंभीर इजा होते, अशा रुग्णांच्या नोंदी भारतातील व तैवानमधील वैद्यकीय साहित्यात आहेत. गोड गराच्या आणि सौम्य नावाच्या फळाचे बी विषारी असू शकते, ही जाणीव पुष्कळ घरांत नसते.

नावामुळे औषधात भेसळ होण्याचे उदाहरण याच कुलात सापडते. औषधी उपयोगाचा अशोक म्हणजे सीता-अशोक. तो शिंबावंत कुलातील आहे. परंतु त्याच्या सालीऐवजी सीताफळ कुलातील खोट्या अशोकाची साल बाजारात विकली जात असल्याचे अनेक अभ्यासांत नमूद आहे. दोन झाडांत साम्य आहे ते केवळ 'अशोक' या नावाचे.

१०. बाजारपेठ आणि कायदा यांतील नाव

अलीकडच्या काळात नावांना आर्थिक व कायदेशीर मूल्यही प्राप्त झाले आहे. वस्तूंच्या भौगोलिक निर्देशांकाविषयीच्या १९९९ च्या कायद्याखाली बीड जिल्ह्यातील सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या फळाचे मूळ अमेरिकेत आहे, त्याच्या नावाशी बालाघाटच्या डोंगराची माती व हवामान यांचा संबंध कायद्याने मान्य केला. यात विसंगती नाही. मूळ देश हा वनस्पतीच्या इतिहासाचा भाग आहे. चव, आकार व गुणवत्ता ही त्या त्या भूमीची आणि तेथे खपलेल्या पिढ्यांची देणगी असते.

वाणांच्या नावांनाही असेच महत्त्व आले आहे. 'बालानगर' हे तेलंगणातील गावाचे नाव वाणाला मिळाले. 'फुले पुरंदर' व 'धारूर-६' या नावांत महाराष्ट्रातील कृषी संशोधन व स्थानिक निवड यांची सांगड आहे. बार्शी तालुक्यातून पुढे आलेले 'एनएमके-१ (गोल्डन)' हे वाण शेतकऱ्याच्या निवडीचे फलित आहे. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने विकसित केलेले 'अर्का सहन' हे वाण मात्र शुद्ध सीताफळ नसून त्याच्या वंशावळीत ॲटेमोयाचा वाटा आहे. ग्राहकाच्या दृष्टीने ही सर्व सीताफळेच. रोपे विकत घेणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र नावातील फरक म्हणजे पाण्याची गरज, हंगाम व उत्पन्न यांतील फरक असतो. वनस्पती वाण व शेतकरी हक्क संरक्षण कायद्यात (२००१) वाणाचे नामाभिधान नोंदवण्याची अट आहे, ती याच कारणासाठी.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सीताफळाची लोकनामे हा अव्यवस्थित पसारा नसून त्यांतून फळाच्या प्रवासाचे मार्ग, रूपाचे निरीक्षण व सांस्कृतिक स्वीकार यांचा तपास करता येतो. दुसरी, लोकनाम हे स्वीकाराचा पुरावा असते, उगमाचा नसते. 'सीताफळ' हे नाव मराठी समाजाने या फळाला किती आपले मानले ते सांगते; ते कोठून आले ते सांगत नाही. तिसरी, औषध, संशोधन व व्यापार यांत केवळ लोकनामावर विसंबणे धोकादायक आहे.

या दृष्टीने मराठी विश्वकोशाने अवलंबिलेली पद्धत अनुकरणीय आहे. त्यातील वनस्पतिविषयक नोंदींत मराठी नावापाठोपाठ अन्य भारतीय भाषांतील नावे, इंग्रजी नाव, लॅटिन नाव व कुल यांचा निर्देश असतो. महाविद्यालयीन स्तरावर लोकवनस्पतींची सर्वेक्षणे, प्रकल्प व प्रबंधिका मोठ्या संख्येने होतात. त्यांत माहिती देणाऱ्याने उच्चारलेले लोकनाम जसेच्या तसे नोंदवणे, ते कोणत्या गावात व कोणत्या झाडाला वापरले जाते हे लिहिणे, आणि वाळवलेला नमुना जतन करून त्यावरून शास्त्रीय नाव निश्चित करणे, या तीन बाबी अनिवार्य मानल्या पाहिजेत. लोकनाम वगळल्यास शेकडो वर्षांच्या मानवी व्यवहाराची नोंद पुसली जाते. शास्त्रीय नाव वगळल्यास नोंद कोणत्या झाडाची आहे हेच कळेनासे होते. ताइनो लोकांचा 'अनोन' आणि मराठी माणसाचे 'सीताफळ' ही दोन्ही नावे एकाच झाडाची आहेत, हे पुढच्या पिढीला कळायचे असेल, तर ती शेजारी शेजारी लिहिली गेली पाहिजेत.